गड्ड्याच्या आधी की नंतर? नैराश्य आणि बायपोलर आजार ओळखायची आणि सावरायची रीत

"अंगात जीवच राहिला नाही बघा डॉक्टर. डोकं जड, छातीत धडधड, हाताला विडी येईना."

सोलापूरच्या पूर्व भागातून येणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या बायका मनाचा आजार असा सांगतात. पिशवीत छातीची पट्टी (ईसीजी), रक्ताचे दोन-तीन रिपोर्ट आणि एखादा एक्स-रे असतो. सगळे नॉर्मल. 'मन' हा शब्द पहिल्या दहा मिनिटांत येतच नाही, म्हणून मीही मनाबद्दल विचारत नाही. विचारतो, "अक्का, रोज विड्या किती होतात?"

"आधी हजार व्हायच्या. आता चारशे झाल्या तरी लई. त्यातपण छाट जास्त निघतंय."

हजाराच्या चारशे झाल्या आणि त्यातल्याही नापास होणाऱ्या वाढल्या. म्हणजे वेग पडलाय, लक्ष लागत नाही, आणि घरात येणारा पैसा निम्म्याच्या खाली आलाय. हा आकडा मी केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. महिन्याभराने औषधाचा गुण येतोय का, हे बाईंच्या 'बरं वाटतंय की'पेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो.

हा लेख ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांच्यासाठी आहे, आणि ते माणूस सगळ्यात आधी ज्यांच्या दवाखान्यात जातं त्या फॅमिली डॉक्टरांसाठीही. औषधांची नावं आणि डोस दिलेत ते चिठ्ठीवर काय चाललंय हे कळावं म्हणून. ते वाचून मेडिकलमधून गोळी आणू नका. यातली माणसं अनेकांची मिसळ करून, ओळख पुसून लिहिलेली आहेत.

पायरी १: खालची बाजू मोजा

वाईट वाटणं म्हणजे नैराश्याचा आजार नव्हे, आणि नैराश्याच्या आजारात वाईट वाटतंच असंही नाही. निदानासाठी आम्ही नऊ लक्षणं बघतो: मन उदास असणं, कशातच गोडी न वाटणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, अंगात त्राण नसणं, हालचाल मंदावणं किंवा उलट सारखी तगमग होणं, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देत राहणं, आणि मरणाचे विचार. यातली किमान पाच, दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराच वेळ हवीत. त्यात पहिल्या दोनपैकी एक असलंच पाहिजे, आणि कामावर किंवा घरावर परिणाम दिसला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही पद्धत २०२२ पासून लागू झाली. तिने या यादीत 'पुढे काही चांगलं होणारच नाही' ही निराशा दहावं लक्षण म्हणून घेतली. मला ती भर पटते, कारण आपल्याकडे लोक रडत नाहीत, पण "आता काय उरलंय" हे मात्र म्हणतात.

प्रश्न पुस्तकी मराठीत विचारले तर उत्तरंही पुस्तकी येतात. "उदास वाटतं का?" याला "नाही" येतं. "करमतं का? घरात चार माणसं आली तर बसावंसं वाटतं का? मालिका लावता की नुसता टीव्ही चालू असतो?" याला खरं उत्तर येतं. तेलुगू घरातली आजी असेल तर "मनसु बागालेदु" (मन बरं नाही) हे शब्द तिच्याकडूनच येऊ देतो. कन्नड बोलणाऱ्या अक्कलकोटकडच्या माणसासोबत मुलगा दुभाषी म्हणून आला असेल, तर मरणाचा प्रश्न त्या मुलाच्या तोंडून विचारत नाही. बाप मुलाला ते कधीच सांगणार नाही.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची मोफत प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पाचपर्यंत न गेल्यास काळजी नाही, दहाच्या पुढे गंभीरपणे घ्या, वीसच्या पुढे आजार तीव्र. फॅमिली डॉक्टरांनी ती जरूर वापरावी. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. थायरॉइड मंद झालेल्या बाईलाही बारा गुण मिळतात आणि महिन्याभरापूर्वी नवरा गेलेल्या बाईलाही. दुःखातल्या माणसाचं दुःख लाटांनी येतं. आठवण निघाली की येतं, मधल्या वेळात नातवाकडे बघून हसूही फुटतं. नैराश्यात नातू मांडीवर असला तरी काही हलत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येऊन गेल्याचं दिसलं. ज्यांना ते होतं त्यांतल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचले नव्हते. ही ८५ टक्के माणसं घरात बसून नव्हती. त्यातली कितीतरी कुणा ना कुणा डॉक्टरकडे डोकेदुखी आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेत होती, असा माझा रोजचा अनुभव सांगतो.

पायरी २: कागदावर रेघ मारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारी. समोर बसलेल्या माणसाला आज नैराश्य आहे एवढं कळून भागत नाही. ते नैराश्य एकटं आलंय, की याच माणसाने कधीतरी दुसरं टोकही गाठलं होतं? दुसऱ्या टोकाचा म्हणजे उन्मादाचा इतिहास असेल तर आजार बायपोलर, आणि मग औषधांचा सगळा मार्गच बदलतो. आजची लक्षणं दोन्हींत हुबेहूब सारखी असतात. फरक फक्त मागच्या काळात सापडतो.

मी केसपेपर उलटा करतो आणि आडवी रेघ मारतो. डावीकडे लग्न किंवा दहावी, उजवीकडे आज. आजारी काळ रेघेखाली, चढलेला काळ रेघेवर. तारखा कुणालाच आठवत नाहीत, सण आठवतात. "हे गड्ड्याच्या आधी की नंतर?" असं विचारलं की जानेवारी पक्का होतो, कारण गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा. मार्कंडेयाचा रथ म्हटलं की नारळी पौर्णिमा. भीमजयंतीची मिरवणूक म्हटलं की एप्रिल, आषाढीची वारी, रूपाभवानीचं नवरात्र. "रथाच्या वेळी हा माणूस तीन रात्री झोपला नव्हता, सगळ्या मंडळाला स्वतःच्या खिशातून जेवण घातलं" हे वाक्य बायकोच्या तोंडून निघतं आणि रेघेवर पहिला डोंगर उभा राहतो.

यंत्रमागावर काम करणाऱ्या एका चाळिशीच्या माणसाचं घ्या. चार महिने गप्प, कामावर जात नाही, पीएचक्यू-९ वर १९. दुसऱ्या गावात कुणीतरी नैराश्याची गोळी सुरू केली होती, दोन आठवड्यांत तो चिडका झाला, रात्रभर फोनवर बोलायला लागला, म्हणून घरच्यांनी गोळी बंद केली. आता परत खाली. रेघ मारताना वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या, "पाच वर्षांमागं एकदा लई जोरात होते. स्वतःचे माग टाकायचे म्हणून उधारीवर सूत उचललं, गाडी घेतली, मला म्हणाले तू राणीसारखी राहशील." "झोप?" "दोन तास. पण दमायचे नाहीत." तो मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या मते तो काळ आजाराचा नव्हताच, आयुष्यातला एकमेव चांगला काळ होता. म्हणूनच चढलेल्या काळाची माहिती रुग्णाकडून क्वचितच मिळते, नातेवाइकाकडून घ्यावी लागते. रुग्णाची परवानगी घ्या आणि नातेवाइकाला थोडा वेळ वेगळं बसवून विचारा.

उन्मादात मन फार आनंदी किंवा फार चिडकं होतं आणि अंगात ताकद ओसंडते. त्याबरोबर झोपेची गरज कमी होणं, बोलणं न थांबणं, विचार धावणं, स्वतःला मोठं समजणं, लक्ष भरकटणं, कामांचा सपाटा लावणं, पैसा-नाती-गाडी यात बेफाम धोका पत्करणं यातली किमान तीन लक्षणं हवीत. माणूस फक्त चिडका असेल तर चार. हे सात दिवस टिकलं, किंवा आधीच दाखल करावं लागलं, तर उन्माद. चार दिवस, माणसं ओळखतील इतका बदल पण संसार मोडेल इतका नाही, तर सौम्य उन्माद. पूर्ण उन्माद एकदा जरी येऊन गेला तरी बायपोलर पहिला प्रकार. सौम्य उन्माद आणि नैराश्य मिळून दुसरा प्रकार, आणि हाच सगळ्यात जास्त निसटतो.

सगळ्या लक्षणांत मी झोपेवर जास्त भर देतो. नैराश्यात आणि चिंतेत झोप येत नाही, आणि सकाळी माणूस मोडून पडतो. उन्मादात माणूस तीन तास झोपतो आणि पहाटे चारला ताजातवाना होऊन माळा साफ करायला घेतो. एकच प्रश्न विचारायला वेळ असेल तर हा विचारा.

चढलेला काळ सापडला नाही तरी काही खुणा सावध करतात. पहिलं नैराश्य पंचविशीच्या आत येणं, बाळंतपणानंतर लगेच येणं, भास किंवा संशयासह येणं, खूप झोप आणि खूप भूक असणं, आई-वडील-भावंडांत बायपोलर असणं, आणि आधीच्या नैराश्याच्या गोळीवर माणूस बिथरलेला असणं. बायपोलरची पहिली पाळी बहुतेकदा नैराश्याचीच असते, त्यामुळे पहिल्या भेटीत चुकणं यात डॉक्टरचा गुन्हा नाही. रेघ मारलीच नाही तर आहे. कधी वरची आणि खालची लक्षणं एकाच वेळी असतात: अंगात बेचैन ताकद आणि मनात मरणाचे विचार. या मिश्र अवस्थेतल्या माणसाला एकटं सोडू नका.

पायरी ३: शरीर तपासा, पण शरीरातच अडकू नका

हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, क्रिएटिनिन, सोडियम, बी-१२. एवढ्या तपासण्या पहिल्यांदा पुरतात. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा उन्माद आला तर मेंदूचा फोटो काढा. चालू औषधं पिशवीसकट बघा. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेल्या स्टिरॉइडने माणूस चढतोही आणि पडतोही.

दारू किंवा शिंदी रोजची असेल तर ती सुटल्यावर दोन ते चार आठवडे थांबून परत मोजा. निम्म्या लोकांची उदासी आपोआप उतरते, असं बघितलंय. मरणाचे विचार असतील किंवा दारूच्या आधीपासून नैराश्य असेल तर मात्र थांबायचं नाही. रोज पिणाऱ्याची दारू एका झटक्यात घरी बंद करू नका, फिट येऊ शकते.

पायरी ४: मरणाचं विचारा

विचारल्याने डोक्यात घुसतं, ही भीती खोटी आहे. विचारल्यावर बहुतेकांचा श्वास मोकळा होतो. मी पायऱ्यांनी जातो. "कधी सगळं नकोसं होतं का?" "झोपेतच गेलो तर बरं, असं वाटतं का?" "स्वतःला काही करून घ्यावं असं आलं का मनात?" "काय करायचं ठरवलं होतं?" "घरात ते आहे का?" शेवटच्या दोन प्रश्नांना ठोस उत्तर आलं तर तो माणूस त्या दिवशी एकटा घरी जात नाही.

ग्रामीण भागात धोका गोठ्यात आणि शेडमध्ये असतो. द्राक्षाच्या, उसाच्या फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याच्या घरी. पहिल्या महिन्यात गोळ्या एका आठवड्याच्याच द्या आणि त्या बायकोने किंवा आईने सांभाळाव्यात. अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्या एकदम घेतल्या तर हृदय बंद पाडतात. असा धोका असलेल्याला त्यांची महिन्याची पाकिटं देऊ नयेत.

रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक चालू असतो, मोफत, मराठीतही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याला त्यासाठी शिक्षा होत नाही. पोलीस केसच्या भीतीने विष घेतलेल्या माणसाला घरीच मिठाचं पाणी पाजत बसू नका, सरळ सिव्हिल गाठा.

पायरी ५: एकटं नैराश्य असेल तर

सौम्य असेल तर गोळीची घाई नको. 'मन लागलं की करू' हा क्रम उलटा करायचा: आधी करायचं, मन मागून येतं. आठवड्याचा कागद करा. सकाळी सिद्धेश्वर तलावाला एक फेरी, दुपारी झोपायचं नाही, संध्याकाळी एका माणसाशी बोलायचं. कामं लहान हवीत. 'घर आवरणं' हे काम नव्हे, 'मांडणीचा वरचा खण पुसणं' हे काम. गोव्यात संगाथ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून ही पद्धत सहा ते आठ भेटींत प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये देऊन पाहिली. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्यातही तिचा फायदा दिसला. म्हणजे आशा सेविका किंवा चांगला शिक्षकही हे करू शकतो, त्याला कुणीतरी शिकवलं पाहिजे इतकंच.

मध्यम आणि तीव्र नैराश्यात गोळी लागते. एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने १०, किंवा सर्ट्रालिन २५ वरून ५०. पहिली चिठ्ठी लिहिताना मी पाच गोष्टी मोठ्याने सांगतो आणि नातेवाइकाकडून परत म्हणवून घेतो. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा येईल, तो जाईल. झोप एकदम कमी होऊन अंगात ताकद आली तर गोळी थांबवून लगेच दाखवा. पंचविशीच्या आतल्या मुलांवर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा, कारण या वयात सुरुवातीला मरणाचे विचार वाढू शकतात. आणि बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

म्हाताऱ्या माणसात या गोळ्यांनी सोडियम उतरतं. आजोबा गोळी सुरू झाल्यावर भ्रमिष्टासारखं करायला लागले तर आधी सोडियम बघा. शरीरसंबंधात अडचण येते. हे कुणी आपणहून सांगत नाही आणि याच कारणाने गुपचूप गोळी सोडतात, म्हणून डॉक्टरनेच विचारावं.

योग्य डोसवर चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर डोस वाढवा किंवा औषध बदला. पहिल्याच गोळीवर पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांश असतात. बाकीच्यांना दुसरं-तिसरं पाऊल लागतं, त्यात निराश होण्यासारखं काही नाही. पूर्ण बरं झाल्यावर त्याच डोसवर सहा ते नऊ महिने. आजार परत परत आला असेल तर किमान दोन वर्षं. बंद करताना हळूहळू.

एक तक्रार करतोच. अल्प्राझोलाम. झोपेला म्हणून कुणीतरी पंधरा दिवसांची दिलेली ही गोळी माझ्याकडे आठ-आठ वर्षांनी येते, जुन्या चिठ्ठीवर दर महिन्याला घेतलेली. तिने नैराश्य बरं होत नाही. दोन-चार आठवड्यांपलीकडे तिची सवय लागते आणि एकदम सोडली तर फिटही येते. आधीच घेत असाल तर स्वतःहून तोडू नका, डॉक्टरकडून टप्प्याटप्प्याने उतरवा.

खाणंपिणं सोडलेला, भास होणारा किंवा मरणावर अडून बसलेला रुग्ण असेल तर ईसीटी, ज्याला लोक शॉक म्हणतात, हा सगळ्यात वेगाने गुण देणारा उपचार आहे. १९३८ पासून वापरात आहे. आता भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो देणं कायद्यानेच बंद आहे. आठवड्याला दोन-तीन, एकूण सहा ते बारा. त्या दिवसांतल्या आठवणी थोड्या पुसट होतात, हे आधीच सांगावं.

पायरी ६: बायपोलर असेल तर

यात नैराश्याची गोळी एकटी द्यायची नाही. मागवाल्या माणसाला दोन आठवड्यांत झालं ते याचमुळे.

उन्माद चढलेल्या माणसाशी वाद घालू नका. "तू मोठा माणूस आहेस की नाहीस" यावर रात्र जाते आणि उन्माद वाढतो. गाडीची किल्ली, चेकबुक, मोबाइलवरचे पैशांचे व्यवहार शांतपणे बाजूला करा. खोली अंधारी, माणसं कमी, चहा बंद. चालू नैराश्याची गोळी डॉक्टर आधी थांबवतात. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉलने काही दिवसांत झोप आणि वेग आवरतो. त्याला लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटची जोड मिळते. माणूस तयार नसेल आणि धोका असेल तर त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ८९ व्या कलमाखाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या) अर्जावर तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं.

बायपोलरच्या नैराश्याला क्वेटियापिन, लुरासिडोन, लॅमोट्रिजिन अशी वेगळी औषधं आहेत. लॅमोट्रिजिन मुंगीच्या पावलाने वाढवतात: दोन आठवडे २५, पुढचे दोन ५०, आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्याच्या निम्म्याने. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी दाखवा. पाच दिवस गोळ्या चुकल्या तर पूर्वीच्या डोसवर उडी मारू नका, डॉक्टरांना विचारून पहिल्यापासून चढा.

आता लिथियम. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केडने १९४९ मध्ये त्याचा उन्मादावरचा गुण पहिल्यांदा मांडला, आणि आजही दीर्घकाळ आजार रोखण्यात व आत्महत्या टाळण्यात त्याची बरोबरी करणारं औषध मला माहीत नाही. लोक त्याला घाबरतात कारण गुणाची पातळी आणि विषाची पातळी जवळजवळ आहेत. रोजच्यासाठी रक्तात ०.६ ते ०.८, उन्मादात १.० पर्यंत, आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती.

लिथियम म्हणजे एक क्षार. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. सोलापूरचा एप्रिल-मे आठवा: बेचाळीस-त्रेचाळीस अंश, पत्र्याच्या शेडमध्ये मागांची उष्णता वेगळी, पंखा लावला तर धागा तुटतो म्हणून तोही बंद. असा माणूस दिवसभर घाम गाळतो आणि गोळी तीच घेतो. म्हणून मार्चच्या शेवटी मी लिथियमवरच्या प्रत्येकाची पातळी एकदा तपासतो. बाटली सोबत, ताक रोज, मीठ अचानक कमी करायचं नाही. वारीत चालणाऱ्याने, कडक उपास करणाऱ्याने आणि रोजे धरणाऱ्याने आधी येऊन बोलावं. जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवसाची गोळी थांबवून फोन करावा.

दुसरा सापळा कंबरदुखीचा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या लिथियम वाढवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी करवणाऱ्या, तसंच करतात. पॅरासिटॅमॉल चालतं. मी रुग्णाच्या पाकिटात चिठ्ठी ठेवायला लावतो: 'मी लिथियम घेतो, दुखण्याची दुसरी गोळी देऊ नका.' हाताला बारीक कंप नेहमीचा आहे. कंप मोठा झाला, पाय लटपटले, जीभ जड झाली, उलट्या सुरू झाल्या तर विषबाधा समजा आणि लगेच रुग्णालय.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी काढायचं. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. सुरुवातीच्या काळात एका बाईंचा रिपोर्ट १.३ आला आणि मी घाबरून डोस निम्मा केला. तीन आठवड्यांनी बाई उन्मादात परत आल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, सकाळी आठची गोळी घेऊन त्या दहाला प्रयोगशाळेत गेल्या होत्या. मी त्यांना वेळ सांगितलीच नव्हती. तेव्हापासून तपासणीच्या चिठ्ठीवर आधी वेळ लिहितो आणि मग तपासणीचं नाव. डोस बदलल्यावर पाच-सात दिवसांनी पातळी, पुढे दर सहा महिन्यांनी पातळी, क्रिएटिनिन, टीएसएच आणि कॅल्शियम.

ओलान्झापिनवर असलेल्यांनी वजन आणि साखर बघावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून हे औषध लवकर निघून जातं, त्यामुळे विडी सुटली की तोच डोस जास्त पडतो आणि झोप आवरत नाही. विडी सोडताना डॉक्टरांना सांगा.

लेकीबाळींचं वेगळं

व्हॅल्प्रोएट मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बाईला शक्यतो देऊ नये. गर्भावर परिणाम होऊन दहातल्या एका बाळात जन्मजात दोष दिसतो, मेंदूच्या वाढीवरचा परिणाम त्याहून जास्त मुलांत. लग्न ठरलं की हा विषय काढायचा, दिवस राहिल्यावर नव्हे. मात्र दिवस गेल्याचं कळताच सगळ्या गोळ्या स्वतः बंद करणं त्याहून धोक्याचं.

माहेरी आलेली बाळंतीण पहिल्या आठवड्यात थोडी रडवेली होते, ते पंधरा दिवसांत सरतं. पण बाळ झोपलं असतानाही ती झोपत नसेल, भलतंच बोलत असेल, बाळाबद्दल विचित्र शंका काढत असेल तर बाहेरचं बघायला नेण्यात एक रात्रही घालवू नका. बाळंतपणानंतरचा हा विकार बहुधा बायपोलरचं रूप असतो, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो, आणि वेळेत उपचार मिळाले तर छान बरा होतो. एरवी अंगारा लावायला, सिद्धेश्वराला किंवा अक्कलकोटला जायला मी कधी अडवत नाही. गोळी घेऊन जा, एवढंच म्हणतो.

पायरी ७: भिंतीवरचं कॅलेंडर

बरं झाल्यावरचं काम कंटाळवाणं असतं आणि खरा आजार तिथेच रोखला जातो. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज एकच आकडा लिहायचा: काल रात्री किती तास झोप. दोन रात्री सलग पाचच्या खाली गेली आणि माणूस थकलेला नाही, तर तिसऱ्या रात्रीची वाट न बघता फोन. प्रत्येकाची पहिली ठिणगी वेगळी असते. कुणी जुन्या मित्रांना फोन लावायला लागतो, कुणी एकदम देवभक्त होतो, एक काका नवीन चपला आणतात. घरच्यांनी ती ठिणगी ओळखून कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवावी.

यंत्रमागावरच्यांना मुख्य शत्रू रातपाळी. आठवड्याला पाळी बदलली की झोपेचं घड्याळ मोडतं आणि बायपोलर माणसाला उन्मादासाठी तेवढं पुरतं. कायम दिवसपाळी मिळावी म्हणून मी मालकाच्या नावे चिठ्ठी देतो. त्यावर आजाराचं नाव लिहीत नाही, 'प्रकृतीच्या कारणाने रात्री काम वर्ज्य' एवढंच. बहुतेक मालक ऐकतात.

त्या मागवाल्याला लिथियम आणि थोडं क्वेटियापिन चालू झालं, गुण यायला दोन महिने लागले, दिवसपाळीही मिळाली. पुढच्या गड्ड्याच्या दिवसांत घरात पाहुणे, रोज रात्री होम मैदानावर फेरी. वहिनींनी कॅलेंडरवर सात, सहा, साडेचार, चार असं लिहिलं आणि पाचव्या दिवशी सकाळी फोन केला. "बोलतायत बरं, पण नव्या मागांचा भाव विचारत होते." रात्रीचा डोस वाढवला, पाहुण्यांना नमस्कार सांगितला, नवाला दिवे बंद. त्या आठवड्याच्या चौकटी त्यांनी मला नंतर दाखवल्या: चार, सहा, सात, आठ, साडेसात. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कामावर गेले.'